बदकाच्या पिल्लाचे पांगळेपण : शब्द आणि निदान

चालण्यातील वैगुण्य सांगण्यासाठी मराठीत लंगडे, फेंगडे, पांगळे आणि लुळे असे चार शब्द आहेत. बोलण्याच्या ओघात ते एकमेकांच्या जागी येतात. 'लुळेपांगळे' या जोडशब्दात तर सीमारेषाच पुसली जाते. बदकाचे पिल्लू आजारी पडले असता मात्र हा सैलपणा महागात पडतो, कारण या चार अवस्थांची कारणे सामान्यतः भिन्न असून उपायही भिन्न आहेत.

लंगडे पिल्लू एकच पाय उचलून धरते. तळव्यातील काटा, जखम अथवा मुरगळ शोधावी, एवढेच तेथे पुरेसे असते. फेंगड्या पिल्लाचे पाय दोन्ही बाजूंस फाकतात. वर्तमानपत्र किंवा गुळगुळीत फरशी हे त्याचे नेहमीचे कारण. खरखरीत कापड अंथरून, मऊ पट्टीने दोन्ही पाय सैलसर जोडून ठेवल्यास, वेळेवर लक्ष गेले असेल तर, ते काही दिवसांत सावरतात.

पांगळेपणाचा विचार अधिक बारकाईने केला पाहिजे. संस्कृत 'पङ्गुल' पासून आलेला हा शब्द दोन्ही पायांचे बळ गेल्याचे सुचवितो. असे पिल्लू सावध असते, खातेही; परंतु त्याचे पाय धनुष्यासारखे वाकतात, सांधे सुजतात आणि ते पंखांच्या आधाराने सरपटते. याचे एक प्रमुख कारण म्हणजे नायसिन या जीवनसत्त्वाची उणीव. नाशिक जिल्ह्यात कोंबडीपालन मोठे, बदकपालन तुरळक. साहजिकच हाताशी येते ते कोंबडीच्या पिल्लांचे खाद्य. बदकाच्या पिल्लाला किलोभर खाद्यात सुमारे ५५ मिलिग्रॅम नायसिन लागते. कोंबडीच्या पिल्लाची गरज साधारण निम्मी. येवला-मालेगावकडे विपुल पिकणाऱ्या मक्याचा भरडा एकट्यानेच घातला तर प्रश्न बिकट होतो, कारण मक्यातील नायसिन बहुतांशी बद्ध स्वरूपात असते व पचनात मोकळे होत नाही. ट्रिप्टोफॅनपासून नायसिन घडविण्याची बदकाची शक्तीही तोकडी. माणसात हीच उणीव पेलाग्रा या रोगाच्या रूपाने दिसते. दख्खनच्या ज्वारीभोजी गरिबांतील त्या रोगाचा अभ्यास डॉ. सी. गोपालन यांनी हैदराबाद येथे केला होता.

उपाय म्हणजे खाद्यात वाळविलेले यीस्ट मिसळणे, अथवा पशुवैद्यकाने ठरविलेल्या मात्रेत नायसिन देणे. लवकर आरंभ केल्यास थोड्याच दिवसांत पिल्लू उभे राहू लागते. हाडे वाकून बसल्यावर मात्र ती पूर्ववत होत नाहीत. शेंगदाण्याच्या पेंडीतही नायसिन भरपूर असते, पण पावसाळ्यात ओल लागलेली पेंड घालणे हे औषधाच्या नावाने विष घालणे होय. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या पेंडीने टर्की पक्षी व बदकांची पिल्ले मोठ्या संख्येने मेली आणि त्यातून अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला. या विषाला बदकाचे पिल्लू इतके हळवे की पुढे प्रयोगशाळेत त्याच्याच साहाय्याने ते पारखले जाई.

औषधाइतकीच शुश्रूषेची गरज असते. पांगळे पिल्लू बहुधा रोगाआधी तहान-भुकेने मरते; म्हणून खाद्य व नाकपुड्या बुडतील इतके पाणी त्याच्या चोचीपाशी ठेवावे. कोमट पाण्यात थोडा वेळ तरंगविल्यास पायांवरचा भार हलका होतो. मात्र जवळ बसून राहावे व नंतर पिल्लाला पूर्ण कोरडे करून ऊब द्यावी, कारण आईवाचून वाढलेल्या पिल्लाची लव लवकर भिजते.

लुळे पिल्लू याहून निराळे. त्याचे पाय, मग पंख आणि शेवटी मान ढिली पडते. मान टाकलेली दिसली की नायसिनच्या मागे न लागता बोट्युलिझमचा संशय घ्यावा. साचलेल्या, उबदार, कुजक्या पाण्यात हे जीवाणुजन्य विष तयार होते आणि मृत पक्ष्यांवरील अळ्यांतून पसरते. २०१९ च्या नोव्हेंबरात राजस्थानातील सांभर सरोवरावर त्याने हजारो पक्षी मेले. नांदूरमध्यमेश्वरसारख्या पाणथळीवर हळदी-कुंकू बदकाचे असे पिल्लू आढळल्यास ते घरी न आणता वनविभागास कळवावे. एकाच वेळी अनेक पक्षी आजारी असतील तर उघड्या हातांनी स्पर्श न करता पशुसंवर्धन विभागास वर्दी द्यावी. भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक २००६ साली नाशिक विभागातीलच नवापूर येथे झाला होता.