डबक्यावाचून वाढणारे बेडूक

बेडकाचे जीवनचक्र शिकवताना आपण फळ्यावर एक वर्तुळ काढतो. पाण्यात घातलेली अंडी, त्यांतून निघणारा शेपटीवाला बेडूकमासा, त्याला फुटणारे पाय, आखडत जाणारी शेपूट आणि शेवटी जमिनीवर उडी मारणारा बेडूक. ही आकृती चूक नाही. पण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीच्या झुडपांत पावसाळी रात्री टिक-टिक असा आवाज करणाऱ्या, दोन-चार सेंटीमीटर लांबीच्या बेडकांना ती लागू पडत नाही. यांचा बेडूकमासा डबक्यात कधी पोहतच नाही. असे का, हे समजण्यासाठी बेडूक झाडावर कसे राहू लागले, तेथून सुरुवात करावी लागेल.

झाडावर राहायचे तर आधी पाय घट्ट रोवता आले पाहिजेत. झाडबेडकाच्या प्रत्येक बोटाच्या टोकाला एक चपटी, गोल गादी असते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर तिच्यावर षट्कोनी पेशींची फरसबंदी दिसते. पेशींच्या मधल्या बारीक चरांतून पातळ चिकट स्राव पसरतो. पालीचा पाय कोरडाच चिकटतो, बेडकाचा मात्र ओला. काचेच्या दोन सपाट पट्ट्यांमध्ये पाण्याचा एक थेंब ठेवा आणि त्या सरळ ओढून वेगळ्या करून पाहा. द्रवाच्या पातळ थराची ताकद विद्यार्थ्यांना लगेच कळेल. पानावर पावसाचे पाणी असेल तर जास्तीचे पाणी याच चरांतून निघून जाते. शिवाय बोटाच्या शेवटच्या दोन हाडांमध्ये कूर्चेचा एक जादा तुकडा असतो. त्यामुळे बोट कसेही वाकले तरी गादी पानावर सपाट टेकते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सगळे झाडबेडूक एकाच घराण्यातले नाहीत. अमेरिकेतील बहुतेक झाडबेडूक हायलिडी कुलातले, तर भारतातील बहुतेक राकोफोरिडी कुलातले. गाद्या आणि जादा कूर्चा दोघांनाही आहे. पण राकोफोरिडींचे जवळचे नाते हायलिडींशी नसून तळ्याकाठच्या नेहमीच्या बेडकांच्या गटाशी आहे. गरज सारखी, म्हणून घडणही सारखी. अभिसारी उत्क्रांतीचे यापेक्षा सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

बेडूक झाडावर चढला खरा, पण पाण्याची गरज संपली नाही. त्याची त्वचा पातळ आणि ओलसर असते, तिच्यातून पाणी सतत उडून जाते. आपल्या न्हाणीघरात शिरणारा तपकिरी झाडबेडूक, म्हणजे पॉलिपीडेटस मॅक्युलॅटस, यावर एक युक्ती करतो. त्वचेतील ग्रंथींमधून पाझरणारा स्निग्ध स्राव तो पायांनी अंगभर पुसून घेतो आणि बाष्पीभवन कमी करतो.

अंड्यांचा प्रश्न मात्र याहून अवघड. कोंबडीच्या अंड्याला कवच असते. बेडकाच्या अंड्याभोवती नुसता जेलीसारखा थर असतो. ते उघड्यावर सुकते. पाण्यात घालावे तर मासे आणि पाणकिडे ते खातात. राकोफोरिडी कुलातील अनेक जातींनी यातून मधला मार्ग काढला आहे. तो म्हणजे फेसाचे घरटे. जर्डन यांनी १८७० साली वर्णन केलेला मलबारी उडता बेडूक कोकण, गोवा ते केरळपर्यंत सह्याद्रीत आढळतो. बोटांमधील तांबूस पडदे ताणून तो झाडावरून तरंगत खाली येतो. त्याची मादी अंडी घालताना शरीरातून येणारा द्रव मागच्या पायांनी घुसळून त्याचा पांढरा फेस करते. हे घरटे डबक्यावर झुकलेल्या पानांना लटकते. वरचा थर वाळतो, आतली अंडी ओली राहतात. काही दिवसांनी बेडूकमासे फेसातून खाली पाण्यात पडतात. आपल्या घरच्या झाडबेडकाचे असे घरटे पाण्याच्या टाकीच्या भिंतीवरही दिसते.

आंबोलीच्या झुडपांतील बेडकांनी आणखी पुढचे पाऊल टाकले आहे. त्यांची मादी ओलसर पाचोळ्यात, मातीत किंवा पानांवर थोडी पण भरपूर बलक असलेली अंडी घालते. बेडूकमाशाची सारी अवस्था अंड्याच्या आतच उरकते आणि बाहेर येते ते इवलेसे, पण पूर्ण घडलेले बेडूक. यातील राओर्केस्टिस प्रजातीच्या सत्तरहून अधिक जाती आज ज्ञात आहेत आणि त्यांतील बहुतेक पश्चिम घाटातील आहेत. दक्षिण घाटातील त्यांचा एक भाऊबंद तर बांबूच्या पेरातील भोकातून आत शिरतो. अंडी तेथेच असतात आणि नर त्यांची राखण करतो.

डबक्याची गरज संपली, म्हणून हे बेडूक अधिक सुरक्षित झाले असे वाटेल. वस्तुस्थिती उलट आहे. तळ्यातील अंड्यांना तळे राखते. यांच्या अंड्यांना राखतो तो हवेतील आणि पाचोळ्यातील ओलावा. सावली देणारी झाडे गेली, पाचोळा जाळला, ऐन पावसाळ्यात काही दिवस कडक ऊन पडले, की अंडी सुकतात. बांबू चुकीच्या वेळी तोडला तर पाळणाच जातो. त्यातून अनेक जाती एखाद्या डोंगररांगेपुरत्याच उरलेल्या. आंबोलीचे नाव धारण करणाऱ्या स्यूडोफिलॉटस आंबोलीचे वर्णन २००९ मध्ये झाले. पुण्याचे प्राणिशास्त्रज्ञ डॉ. हेमंत घाटे यांचे नाव दिलेली राओर्केस्टिस घाटेई ही सह्याद्रीतील जात २०१३ मध्ये नोंदली गेली. म्हणजे ओळख आत्ता कुठे होते आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत तपासलेल्या ८,०११ उभयचर जातींपैकी सुमारे ४१ टक्के धोक्यात असल्याचे आढळले.

येत्या पावसाळ्यात शाळेच्या परिसरात विद्यार्थ्यांसह एक वही ठेवा. कोणत्या तारखेला पाऊस झाला, कोठून कसा आवाज आला, फेसाचे घरटे कोठे दिसले, किती दिवसांनी रिकामे झाले, एवढ्याच नोंदी करा. घरटे काढू नका, बेडूक हाताळू नका. हातावरचे मीठ आणि साबणही त्या त्वचेला त्रास देतात. आणि फळ्यावरच्या वर्तुळाशेजारी दुसरे, लहान वर्तुळ काढा: अंडे आणि बेडूक, मध्ये फक्त ओलावा. तो कोण राखणार, हा प्रश्न विद्यार्थी स्वतःच विचारतील.