चिकटलेला ब्रेक

रायपूर हे महानदीच्या खोऱ्यातील सपाट मैदानावर वसलेले शहर आहे. मुंबई-कोलकाता महामार्ग या शहरातून जातो, आणि येथून दक्षिणेकडे निघणारा रस्ता धमतरी व कांकेर मागे टाकून केशकालच्या घाटाने बस्तरच्या पठारावर चढतो. धमधा परिसरातील टोमॅटो, गावोगावचे धान, गिरण्यांतील तांदूळ आणि बाजारहाटाचा किरकोळ माल यांची ने-आण करण्याचे काम या प्रदेशात मुख्यतः पिकअप गाड्या करतात. त्यांतील कित्येक गाड्या जुन्या आहेत. पावसाळ्यात त्या अनेक दिवस उघड्यावर उभ्या असतात आणि धानाचा हंगाम सुरू झाला की एकाएकी भरगच्च ओझ्यासह रस्त्यावर येतात. अशा गाड्यांत वारंवार आढळणारा एक दोष म्हणजे पुढच्या चाकाचा ब्रेक चिकटणे. मिस्त्री लोक त्याला ‘ब्रेक जाम होणे’ असे म्हणतात.

ब्रेक लागला नाही तर काय अनर्थ होतो, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु लागलेला ब्रेक सुटला नाही तर तोही तितकाच घातक ठरू शकतो, याची जाणीव थोड्यांनाच असते. हे समजण्यासाठी प्रथम ब्रेकची रचना पाहिली पाहिजे.

बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब त्या द्रवात सर्वत्र सारखाच पोहोचतो, हा नियम सतराव्या शतकात ब्लेझ पास्कल याने मांडला. त्याचा उपयोग मोटारीच्या ब्रेकसाठी करण्याचे एकस्व माल्कम लॉकहीड याने १९१७ मध्ये मिळवले. चालक पायाने पेडल दाबतो, तेव्हा मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो. तो दाब ब्रेक ऑइलमार्फत पोलादी नळ्यांतून आणि शेवटी रबरी नळीतून चाकापर्यंत पोहोचतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला चिमट्यासारखा धरणारा जो भाग असतो, त्याला कॅलिपर म्हणतात. त्यातील पिस्टन पुढे सरकून घर्षणाचे पॅड डिस्कवर दाबतो आणि चाकाची गती कमी होते.

पेडलवरून पाय उचलल्यावर पिस्टन मागे कसा येतो? ड्रम ब्रेकमध्ये दोन्ही शू मागे ओढण्यासाठी स्प्रिंगा असतात. कॅलिपरमध्ये अशी स्प्रिंग सहसा नसते. तेथे पिस्टनभोवती एका खाचेत चौकोनी काटछेदाचे रबरी कडे बसवलेले असते. दाब येताच पिस्टनबरोबर हे कडे किंचित पिळले जाते. दाब गेला की ते आपल्या मूळ आकारात परतते आणि पिस्टनला केसभर मागे घेते. एवढ्याशा अंतरावर चाकाचे मोकळे फिरणे अवलंबून असते. पिस्टनवर गंज चढला किंवा रबर ताठरले, तर हे केसभर अंतरही नाहीसे होते.

ब्रेक चिकटण्याची कारणे दोन वर्गांत विभागता येतात. पहिल्या वर्गात दाब निघून गेलेला असतो, पण एखादा भाग अडकून बसलेला असतो. गंजलेला पिस्टन, चिखल शिरून कोरड्या पडलेल्या कॅलिपरच्या सरकत्या पिना किंवा ड्रममधील ढिल्या पडलेल्या स्प्रिंगा, ही त्याची उदाहरणे होत. दुसऱ्या वर्गात दाबच मागे फिरत नाही. जुनी रबरी नळी आतून फुगली, की पायाच्या जोराने ऑइल पुढे जाते, परंतु परत येण्यास त्याला वाट मिळत नाही. मास्टर सिलिंडरमध्ये ऑइल टाकीत परतण्यासाठी एक बारीक छिद्र असते. पेडलला आवश्यक तेवढी मोकळी चाल ठेवली नाही, तर दट्ट्या पूर्ण मागे येत नाही व हे छिद्र झाकलेले राहते. मग घर्षणाने ऑइल तापते, प्रसरण पावते आणि ब्रेक अधिकच आवळते. आवळल्याने पुन्हा उष्णता वाढते. असे हे दुष्टचक्र आहे.

निदानाची रीत सोपी आहे. गाडी एका बाजूला ओढत असेल, जळका वास येत असेल, किंवा थोड्या प्रवासानंतर एकाच चाकाची धग दुरूनही जाणवत असेल, तर शंका घ्यावी. तापलेल्या डिस्कला हात लावू नये. गाडी थंड झाल्यावर सपाट जमिनीवर उभी करून मागच्या चाकांना ओट लावावी, पुढचा भाग जॅकने उचलून भक्कम आधारावर टेकवावा. केवळ जॅकच्या भरवशावर राहू नये. पेडल दाबून सोडावे व चाक हाताने फिरवून पाहावे. ते घट्ट असेल तर कॅलिपरवरील हवा काढण्याचे निपल किंचित सैल करावे. ऑइल जोराने बाहेर येऊन चाक मोकळे झाले, तर दाब अडकला आहे असे समजावे. एकच चाक धरत असेल तर संशय रबरी नळीवर, दोन्ही धरत असतील तर मास्टर सिलिंडरवर. निपल सैल करूनही चाक सुटले नाही, तर दोष कॅलिपरमध्येच आहे.

दुरुस्ती मात्र अनुभवी हातांनी व्हावी. सोडवलेले कॅलिपर नळीला लोंबकळू न देता तारेने टांगावे. खड्डे पडलेला पिस्टन घासून पुन्हा बसवण्यात अर्थ नसतो; तो आणि रबरी कडे नवे घालावे. पिना स्वच्छ करून त्यांना ब्रेकसाठी असलेलेच ग्रीस लावावे. रॉकेल, पेट्रोल किंवा इंजिन ऑइल यांचा स्पर्श या रबराला होऊ देऊ नये, कारण त्याने रबर फुगते आणि दुरुस्ती हेच नव्या बिघाडाचे कारण होते. पॅड व नळ्या दोन्ही बाजूंच्या एकदमच बदलाव्यात. शेवटी हवा काढून, पेडल कठीण लागते याची खात्री करून, गाडी प्रथम मंद गतीने चालवून पाहावी.

हे सारे का करायचे? ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेते. नव्या डॉट-३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर तो १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. चिकटलेल्या ब्रेकची उष्णता अशा ऑइलला सहज उकळवते. त्यातून होणारे बुडबुडे दाबले जातात आणि पेडल पोकळीत गेल्यासारखे तळाशी जाते. मैदानावर हा दोष केवळ डिझेल जाळतो व पॅड झिजवतो. बस्तरहून परतताना केशकालच्या उतारावर तोच प्राणावर बेततो.

२० मे २०२४ रोजी छत्तीसगडच्या कबीरधाम जिल्ह्यात तेंदूपत्ता गोळा करून परतणाऱ्या मजुरांची पिकअप गाडी दरीत कोसळली आणि १९ जण मृत्युमुखी पडले. अशा अपघातांमागे रस्ता, ओझे, वेग अशी अनेक कारणे असू शकतात, आणि मालाच्या गाडीत माणसे बसवणे हेच मुळात गैर आहे. तथापि या गाड्यांच्या चाकांवर किती जीव विसंबून असतात, हे त्या दिवशी दिसले. ज्याच्या हाती गाडीची देखभाल आहे, त्याने पावसाळा सरताच एकदा चाके उचलून हाताने फिरवून पाहावीत. त्याला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही.