लॉकर सोडला, पण किल्ली कुणाकडे?



आपल्या पिरनवाडीतल्या कितीतरी घरांतली मुलं बेंगळुरू-पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहेत. सुट्टीला आली तरी रात्री लॅपटॉप उघडून बसतात. विचारलं तर "मेमरीचा बग आहे, काका" एवढंच उत्तर. यंदा मी पुतण्याला सोडलं नाही. त्यानं सांगितलेलं आणि नंतर मी वाचलेलं माझ्या भाषेत, म्हणजे बँकेच्या भाषेत, मांडतो.

बेळगावात कर्नल म्हटलं की मराठा लाइट इन्फंट्रीचे साहेब डोळ्यांपुढे येतात. हा कर्नल वेगळा. तो संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. आपल्या अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्स नावाचा कर्नल असतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी तो १९९१ मध्ये सुरू केला. कुणाला किती मेमरी द्यायची आणि केव्हा परत घ्यायची, हे कर्नल बघतो.

मेमरीचा तुकडा म्हणजे लॉकर समजा. ग्राहकानं लॉकर सोडला की बँक किल्ली परत घेते, कुलूप बदलते आणि मगच तो दुसऱ्याला देते. इथे दोन चुका होऊ शकतात. वापर संपूनही लॉकर जुन्याच नावावर राहिला, तर हळूहळू लॉकरच शिल्लक राहत नाहीत. याला मेमरी लीक म्हणतात. दुसरी चूक जास्त धोक्याची. जुन्याकडे किल्ली असतानाच लॉकर नव्या ग्राहकाला दिला, तर जुना येऊन नव्याचे दागिने बघेल, बदलेलसुद्धा. याला 'यूज आफ्टर फ्री' म्हणतात.

हे टाळायला कर्नल मोजणी ठेवतो. वस्तू वापरायला घेतली की एक मिळवायचा, सोडली की एक वजा करायचा. शून्य आलं की मेमरी मोकळी. नावे-जमेसारखंच, एक नोंद राहिली की ताळा बसत नाही.

अशीच राहिलेली एक नोंद जानेवारी २०१६ मध्ये उघड झाली. किल्ल्या, पासवर्ड सांभाळणाऱ्या भागात एका वाटेवर 'एक वजा' करायचं राहून गेलं होतं. आकडा वाढतच जाई. पण तो ३२ बिटांचा, म्हणजे सुमारे ४२९ कोटींनंतर स्कूटरच्या मीटरसारखा पुन्हा शून्यावर येणारा. शून्य दिसलं की कर्नल मेमरी मोकळी करणार, आणि वापरणारा तर अजून आतच! याचा फायदा घेऊन साधा वापरकर्ता संपूर्ण संगणकाचा मालक होऊ शकत होता. दुरुस्ती मात्र एकाच ओळीची: राहिलेली वजाबाकी लिहिली.

२०१७ मध्ये मोजणीची पद्धतच सुधारली. आता आकडा टोकाला गेला की शून्यावर न येता तिथेच अडकून राहतो. लॉकर वाया गेला तरी चालेल, पण चुकीच्या हाती जायला नको. बँकवाल्याला हे लगेच पटतं.

कधी मोजणीऐवजी दुसरी रीत वापरतात. वहीचं जुनं पान लगेच फाडायचं नाही. ते वाचणारे सगळे उठेपर्यंत थांबायचं. हिचं नाव आरसीयू. ती २००२ मध्ये लिनक्समध्ये आणण्यात आयबीएमच्या भारतातल्या विभागातले दीपंकर सरमा यांचा मोठा वाटा होता. पण इथेही चूक होतेच. प्रोग्रॅमच्या मेमरीची यादी ठेवण्याची नवी पद्धत ६.१ आवृत्तीत आली. तीत काही वाचणारे या हिशेबात धरलेच नव्हते, त्यामुळे पान त्यांच्या हातात असतानाच मोकळं होऊ शकत होतं. या दोषाचं नाव 'स्टॅकरॉट'. जून २०२३ मध्ये तो कळवला गेला आणि सुमारे दोन आठवड्यांत दुरुस्त झाला. यादी बदलताना पूर्ण कुलूप लावायचं, हा उपाय.

आता आपल्या कामाचं. कर्नलमध्ये दुरुस्ती झाली म्हणजे ती आपल्या फोनमध्ये आली असं नाही. फोनची कंपनी ती अपडेटमधून पाठवते आणि आपण 'नंतर' दाबून पुढे ढकलतो. त्याच फोनवर आपली पेन्शन आणि यूपीआय आहे. आज सेटिंग्जमध्ये जाऊन सुरक्षा अपडेटची तारीख बघा. फार जुनी असेल आणि नवं अपडेट येतच नसेल, तर त्या फोनवर बँकेचे व्यवहार ठेवू नका. जमत नसेल तर घरातल्या मुलांना विचारा. ती रात्री काय करत होती, हेही त्यानिमित्तानं समजेल.