साथीच्या काळात अंगणवाडी ताईंच्या पाठीशी कसे उभे राहावे

साथ आली की शाळांना सुटी मिळते, बालवाड्या आणि पाळणाघरांना कुलूप लागते. मुलांची भूक, वाढ आणि लसीकरणाचे वय मात्र थांबत नाही. मार्च 2020 मध्ये महाराष्ट्रात अंगणवाड्या बंद झाल्या, तेव्हा आतले काम संपले नाही. ते सेविका आणि मदतनीस यांच्याबरोबर दारोदार फिरू लागले. त्या महिन्यांत त्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या, 'कोरोना योद्धा' म्हणून प्रमाणपत्रे वाटली गेली. त्यांना निकडीने हवे होते ते लेखी आदेश, मास्क-सॅनिटायझर, वेळेवर मानधन आणि बरेवाईट झाले तर घरच्यांसाठी आर्थिक संरक्षण. या गोष्टी कुठून मिळतात, कुठे अडतात आणि त्या मिळवून देण्यासाठी पालकांनी व गावाने काय करायचे, हे क्रमाने पाहू.

काम नेमके काय असते

मुलांच्या वस्तीत जाऊन, अंगणात बालशिक्षण सुरू करण्याची वाट ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला घालून दिली. देशपातळीवर एकात्मिक बाल विकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 प्रकल्पांत सुरू झाली. आज एकट्या महाराष्ट्रात सुमारे एक लाख दहा हजार अंगणवाड्या आहेत. साधारण 400 ते 800 लोकवस्तीमागे एक अंगणवाडी, तिथे एक सेविका आणि एक मदतनीस, अशी रचना असते.

त्यांच्याकडे सहा सेवा आहेत: पूरक आहार, शालापूर्व शिक्षण, आहार-आरोग्याचे शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि गरज पडल्यास रुग्णालयात पाठवणे. शेवटच्या तीन सेवा आरोग्य खात्याच्या मदतीने चालतात, पण मुलाला आईसह तिथवर आणण्याचे काम ताईंचेच असते. अन्नसुरक्षा कायदा, 2013 च्या साथीच्या काळात लागू असलेल्या प्रमाणानुसार सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला रोज 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिने मिळणे बंधनकारक होते. कुपोषित मुलासाठी हे प्रमाण 800 कॅलरी, तर गरोदर आणि स्तनदा मातेसाठी 600 कॅलरी होते. हा आहार कायद्याने ठरलेला हक्क आहे, म्हणून टाळेबंदीतही तो बंद करता येत नव्हता.

साथीत काम कसे बदलले

पहिला बदल आहारात झाला. ताज्या गरम आहाराच्या जागी घरपोच शिधा आला. गहू, तांदूळ, डाळ, तेल, मिरची, हळद, मीठ असा कोरडा माल अनेक दिवसांचा एकदम द्यायचा. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात गाडी रस्त्यावर माल उतरवून जाते. तो आत नेणे, मोजणे, लाभार्थ्यांच्या यादीशी ताळा घालणे, पाकीट फाटले असेल तर बाजूला काढणे, गर्दी होऊ नये म्हणून घरांना वेगवेगळ्या वेळा देणे आणि जे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे स्वतः पोहोचवणे हे दोघींनीच करायचे असते. पाड्यावर रस्ता नसेल तर पिशव्या डोक्यावरून जातात. वाटपाच्या नोंदीवर सही किंवा अंगठा हवा आणि अंतरही राखायचे, हा पेच वेगळाच. शिवाय कोरडा शिधा घराच्या एकाच पातेल्यात शिजतो आणि सगळे खातात. मुलाच्या वाट्याचे मुलालाच द्या, हे सांगायला घरोघर पुन्हा जावेच लागते.

दुसरा बदल वजन-उंचीच्या नोंदीत झाला. दर महिन्याला वजन करून वाढीच्या तक्त्यावर ठिपका मांडला की मूल घसरतेय का ते लगेच कळते. टाळेबंदीत मुले वजनकाट्यापर्यंत येईनाशी झाली, तक्ता रिकामा राहिला. अशा वेळी दंडाचा घेर मोजण्याची पट्टी उपयोगी पडते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून मोजायचा. पट्टी कातडीला टेकली पाहिजे, आवळता कामा नये. घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर पट्टीचा लाल भाग दिसतो, म्हणजे मूल तीव्र कुपोषित आहे. साडेअकरा ते साडेबारा हा पिवळा भाग, मध्यम कुपोषणाचा. हे मोजमाप आईला शिकवता येते. ताईंनी दारात, अंतरावर उभे राहून दाखवायचे आणि आईने मोजायचे. साथीत मुलाच्या जिवाला धोका आहे की नाही, हे त्या पट्टीवर कळू शकत होते.

तिसरा बदल म्हणजे कामात पडलेली भर. परगावाहून आलेल्यांच्या नोंदी, विलगीकरणातल्या घरांची चौकशी, घरोघरचे सर्वेक्षण. सप्टेंबर 2020 मध्ये सुरू झालेल्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत पथके दारोदार जाऊन ताप आणि रक्तातले ऑक्सिजनचे प्रमाण तपासत होती, त्या कामालाही अनेक सेविका जोडल्या गेल्या. मुलांचे मूळ काम तसेच राहिले, वर साथीचे काम आले. वेळ तितकाच आणि मानधनही जवळपास तितकेच.

आदेश कुठून येतो, पैसा कुठून येतो

पाठिंबा द्यायचा तर कोणापुढे बोलायचे ते आधी कळायला हवे. ग्रामीण भागात आदेश योजनेच्या आयुक्तालयाकडून जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडे, तिथून बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे, मग पर्यवेक्षिकेकडे आणि शेवटी सेविकेकडे येतो. साथीत मात्र तहसीलदार, ग्रामपंचायत आणि प्राथमिक आरोग्य केंद्र अशा तीन दिशांनी तोंडी हुकूम सुटतात. फोनवर 'उद्या सर्व्हेला या' एवढाच निरोप येतो. कागद हातात नसला की पुढे मोठे नुकसान होते. ते विम्याच्या भागात पाहू.

मानधनाचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. ऑक्टोबर 2018 पासून केंद्राने सेविकेसाठी 4,500 आणि मदतनिसासाठी 2,250 रुपये ठरवले. यातला 60 टक्के वाटा केंद्राचा, 40 टक्के राज्याचा. म्हणजे सेविकेमागे केंद्राचे प्रत्यक्ष 2,700 रुपये. त्यावर राज्य आपली भर घालते. मार्च 2023 च्या राज्य अर्थसंकल्पाच्या वेळी महाराष्ट्रात सेविकेला 8,325 आणि मदतनिसाला 4,425 रुपये मिळत होते. त्या अर्थसंकल्पात ते 10,000 आणि 5,500 करण्याची घोषणा झाली. मानधनवाढीची मागणी मुंबई आणि दिल्ली दोन्हीकडे का करावी लागते, याचे उत्तर या हिशेबात आहे.

या स्त्रियांचा दर्जा 'मानसेवी' आहे. त्यामुळे किमान वेतन, वेतनश्रेणी आणि निवृत्तिवेतन त्यांना आपोआप लागू होत नाही. योजना-कर्मचाऱ्यांना कामगार मानावे, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस 45 व्या भारतीय श्रम परिषदेने 2013 मध्येच केली होती. साथ आली तेव्हा ती शिफारस कागदावरच होती. हुकूम देताना शासकीय यंत्रणेचा भाग आणि पैसे देताना स्वयंसेविका, ही वागणूक अन्यायाची आहे. साथीने तो अन्याय सगळ्यांना दिसेल इतका उघडा केला.

विमा आणि सानुग्रह मदत

मार्च 2020 च्या अखेरीस केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी 50 लाखांचे विमा संरक्षण जाहीर केले. त्यात आशा कार्यकर्त्यांचा स्पष्ट उल्लेख होता. सर्वेक्षण, शोध, प्रतिबंध आणि मदतकार्यात गुंतलेल्या इतर कर्मचाऱ्यांना त्यात जागा नव्हती. महाराष्ट्राच्या वित्त विभागाने 29 मे 2020 च्या शासन निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांसाठी 50 लाखांची सानुग्रह मदत ठरवली आणि त्यात कंत्राटी, मानसेवी अशा कर्मचाऱ्यांनाही घेतले. सेविका आणि मदतनीस यांच्यासाठी हा आधार मोठा होता.

पण मदत मागताना दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागत होत्या: मृत्यू कोविडनेच झाला, आणि रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीच्या 14 दिवसांत ती व्यक्ती कोविडच्या कामावर हजर होती. तोंडी हुकमाची किंमत इथे कळते. फोनवरून बोलावलेल्या बाईच्या घरच्यांनी हजेरी कशी दाखवायची? म्हणून प्रत्येक कामाचा लेखी आदेश मागणे हा हट्ट समजू नये. तो मिळत नसेल तर आलेल्या संदेशाचा फोटो जपून ठेवावा, भेट दिलेल्या घरांची तारीखवार नोंद करावी आणि त्या नोंदीवर पर्यवेक्षिका किंवा ग्रामसेवकाची सही घ्यावी. वारसाचे नाव, बँक खाते आणि आधारवरचे नाव एकसारखे आहे ना, हे आधीच तपासावे. साध्या स्पेलिंगच्या चुकीने प्रस्ताव परत येतात.

मागणी पुढे कशी सरकते

पहिली पायरी निवेदनाची. चांगल्या निवेदनात एका वेळी एकच मागणी असते, तिचा शासन निर्णय असेल तर त्याचा क्रमांक असतो, आणि पोच घेतलेली प्रत फाइलला लागते. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून 'मास्क-सॅनिटायझर किती आले, कोणत्या तारखेला वाटले' असे विचारता येते. उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते.

दुसरी पायरी संघटनेची. एकट्या सेविकेचे ऐकले जात नाही, तिथे तालुक्याच्या शिष्टमंडळाचे ऐकले जाते. मार्च 2021 मध्ये मुलांच्या नोंदी भरण्यासाठी पोषण ट्रॅकर ॲप आले. इंग्रजीतून नोंदी आणि कमी क्षमतेचे फोन यांनी त्रासलेल्या सेविकांनी ऑगस्ट 2021 मध्ये सरकारी मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. ॲप मराठीत हवे, ही त्यांची मागणी रास्त होती. मुलाचे वजन बरोबर घेणाऱ्या बाईला केवळ भाषा परकी म्हणून नोंद भरता येऊ नये, हा व्यवस्थेचा दोष आहे. पुढे 4 डिसेंबर 2023 पासून राज्यात झालेला संप पन्नास दिवसांहून अधिक चालला.

तिसरी पायरी न्यायालयाची. 13 जानेवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रतिबंधित क्षेत्राबाहेरच्या अंगणवाड्या उघडण्याबाबत त्या महिनाअखेरपर्यंत निर्णय घ्या, असे राज्यांना बजावले. त्याहून मोलाचा निकाल 25 एप्रिल 2022 चा. न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि अभय ओक यांच्या पीठाने गुजरातमधील प्रकरणात सेविका आणि मदतनिसांना उपदान (ग्रॅच्युइटी) कायदा, 1972 लागू होतो असे ठरवले. या कायद्यात शेवटच्या पगाराला 26 ने भागून 15 ने गुणत आणि सेवेच्या वर्षांनी पुन्हा गुणत असत. मानधन 10,000 आणि सेवा 30 वर्षे धरली तर रक्कम सुमारे 1 लाख 73 हजार होते. मानधन हे वेतनच आहे, हे तत्त्व त्या निकालात मान्य झाले, म्हणून त्याचे महत्त्व या रकमेहूनही मोठे आहे.

गावाने आणि पालकांनी काय करावे

पुढच्या साथीची वाट न पाहता ही कामे आताच सुरू करता येतात. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला दहा टक्के हिस्सा महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवायचा असतो. त्यातून मास्क, साबण, दंडघेर पट्ट्या आणि अंगणवाडीसाठी नळाची जोडणी घेण्याचा ठराव ग्रामसभेत मांडता येतो. शिधावाटपाच्या दिवशी माल उतरवायला आणि लांबच्या घरी पोहोचवायला तरुण मंडळाने दोन-चार हात दिले तर ताईंचा अर्धा भार हलका होतो. सर्वेक्षणाला आलेल्या ताईंशी दारात हुज्जत घालणाऱ्यांना शेजाऱ्यांनीच समजावावे. 2020 मध्ये 'रोग घेऊन येतात' म्हणून कित्येक दारे त्यांच्या तोंडावर बंद झाली. आणि मानधन थकले की पालकांनीही सह्यांचे निवेदन द्यावे. लाभार्थ्यांचा आवाज आला की फाइल लवकर हलते.

शहरातल्या खासगी पाळणाघरांची अडचण वेगळी आहे. राहत्या घरात आठ-दहा मुले सांभाळणाऱ्या बाईला मानधनही नाही आणि शासन निर्णयही नाही. मुले येणे थांबले की उत्पन्न त्याच दिवशी शून्य. ज्या पालकांचा पगार चालू असतो, त्यांनी अशा वेळी निदान अर्धी फी देत राहावी. 50 किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने पाळणाघराची सोय करण्याचे बंधन घातले. तिथल्या सांभाळणाऱ्या बायकांचे वेतन बंदच्या काळातही चालू राहील, असे करारात लिहून घ्यायला हवे.

तुमच्या वस्तीतल्या अंगणवाडीत या आठवड्यात एकदा जा. गेल्या महिन्याचे मानधन मिळाले का आणि दंडघेर पट्टी आहे का, एवढे दोन प्रश्न ताईंना विचारा. उत्तर 'नाही' आले, तर पुढच्या ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या बैठकीत ते तुमच्या तोंडून मांडा.