'गुगली' : एका क्रीडासंज्ञेचा मराठीतील अर्थविस्तार

खेळातील शब्द व्यवहारभाषेत येतो तेव्हा तो एकटा येत नाही. त्या खेळाचे नियम आणि त्या नियमांनी गृहीत धरलेली नीतीही तो सोबत आणतो. अमेरिकी इंग्रजीत बेसबॉलमधील 'कर्व्हबॉल' ही संज्ञा अशीच रुळली आहे. हवेत वळणारा चेंडू हा तिचा मूळ अर्थ. अनपेक्षितपणे समोर आलेली अडचण वा प्रश्न हा व्यवहारातील अर्थ. बेसबॉल आपल्याकडे रुजला नाही. परंतु या संज्ञेचे काम मराठीत बऱ्याच अंशी क्रिकेटमधील 'गुगली' करते. या शब्दाचे स्वरूप, त्याची मराठीतील योजना आणि तिचे परिणाम यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम मुख्यार्थ. लेगस्पिन गोलंदाजाचा चेंडू टप्पा पडल्यावर उजव्या हाताच्या फलंदाजापासून दूर जातो. गुगलीत गोलंदाजाची शैली तीच दिसते. चेंडू सोडताना मनगट अधिक वळते आणि चेंडू उलट दिशेने, म्हणजे फलंदाजाच्या अंगावर, आत येतो. इंग्लंडच्या बोझांकेटने हा प्रकार टेबलावर टप्पा देऊन चेंडू खेळण्याच्या एका घरगुती खेळातून विकसित केला आणि १९०० साली प्रथम दर्जाच्या सामन्यात वापरला. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, गुगलीचे मर्म चेंडूच्या वळण्यात नाही, वळण्याविषयीच्या अपेक्षाभंगात आहे. फलंदाज हात पाहून जे अनुमान करतो, ते अनुमानच त्याला बाद करते.

मम्मटाने लक्षणेसाठी मुख्यार्थबाध, मुख्यार्थाशी संबंध आणि रूढी वा प्रयोजन अशा तीन अटी सांगितल्या आहेत. 'परीक्षकांनी शेवटी गुगली टाकली' या वाक्यात चेंडू नाही, म्हणून मुख्यार्थ बाधित होतो. फसव्या दिशेचे साम्य हा संबंध होय. मात्र अवघड प्रश्न म्हणजे गुगली नव्हे. 'ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका का केली?' हा प्रश्न गुगलीचा नमुना म्हणता येईल. 'टीका' म्हणजे भाष्य हे विसरून जो विद्यार्थी दोषदर्शनाच्या आधुनिक अर्थाने उत्तर देऊ लागतो, तो बाद होतो. प्रश्न दिसायला नेहमीचा आहे. वळण आत आहे.

या शब्दाचा वाक्यातील व्यवहारही नियमबद्ध आहे. तो स्त्रीलिंगी असून गुगली 'टाकली' जाते, 'ओळखली' जाते, 'खेळून काढली' जाते. क्रिकेटची परिभाषा घडविताना मराठीने यष्टी, षटक, झेल, पायचीत असे शब्द योजले. तिन्ही यष्ट्यांसाठी औषधातील 'त्रिफळा' मैदानावर आणला. 'गुगली' मात्र तशीच राहिली. अंजूरसारख्या भिवंडी परिसरातील गावांत टेनिसच्या हलक्या चेंडूवर सामने होतात. त्या चेंडूवर मनगटी फिरकीला फारसा वाव नसतो. तरीही शब्द मुलांच्या तोंडी असतो. मुख्यार्थाचा अनुभव नसतानाही लक्ष्यार्थ चालतो, याचाच अर्थ येथे लक्षणा रूढ झाली आहे.

मराठीत आधी शब्द नव्हते म्हणून 'गुगली' आली, असे म्हणता येणार नाही. कबड्डीतील 'हुलकावणी' आहे, कुस्तीतील 'पेच' आहे, 'फिरकी घेणे' आहे. पण हुलकावणीत देणारा निसटू पाहतो; पेचात समोरचा अडकला आहे हे उघड दिसते; फिरकी घेण्यात थट्टा असते, हानी नसते. गुगलीत समोरच्याला आपण बरोबर खेळत आहोत असे शेवटच्या क्षणापर्यंत वाटत राहते. ही अर्थच्छटा अन्य शब्दांत नाही. 'कर्व्हबॉल'हूनही ती याच बाबतीत वेगळी आहे. तो टाकणारी केवळ परिस्थितीही असू शकते. गुगलीला मात्र हेतू बाळगणारा गोलंदाज लागतो.

हा हेतूच राजकीय भाषेत महत्त्वाचा ठरतो. शरद पवार यांच्या विधानांना वृत्तपत्रे दीर्घकाळ 'गुगली' म्हणत आली आहेत. त्यांचे सासरे सदू शिंदे हे १९४६ ते १९५२ या काळात ७ कसोटी सामने खेळलेले लेगस्पिन व गुगली गोलंदाज. १९५१ साली दिल्लीत इंग्लंडविरुद्ध त्यांनी एका डावात ९१ धावांत ६ बळी घेतले होते. २०१९ मधील सत्तास्थापनेच्या वादाविषयी जून २०२३ मध्ये बोलताना पवारांनी या नात्याचा उल्लेख करून गुगली कोठे टाकावी हे आपण जाणतो, अशा आशयाचे विधान केले. देवेंद्र फडणवीस यांनीही त्याच परिभाषेत उत्तर दिले. मुख्यार्थ आणि लक्ष्यार्थ एकाच कुटुंबात नांदावेत, हा योग अर्थविचाराच्या अभ्यासकाला दुर्मीळच म्हणावा लागेल.

परंतु येथेच प्रयोजनाचा प्रश्न उपस्थित होतो. तीच कृती 'फसवणूक' म्हटली की कर्त्यावर दोष येतो, 'गुगली' म्हटली की कौशल्याचे श्रेय येते. मैदानावर ही प्रशंसा न्याय्य आहे, कारण गुगली खेळाच्या नियमांत बसते आणि फलंदाजाने ती स्वीकारूनच बॅट हाती घेतलेली असते. राजकारणात चेंडू कोणासमोर पडला, त्या व्यक्तीने खेळ मान्य केला होता काय, आणि नियम कोणते, हे प्रश्न शिल्लक राहतात. शब्द ते प्रश्न विचारू देत नाही. शिवाय तो वाचकाला प्रेक्षकाच्या आसनावर बसवितो. टाळी वाजविण्यापलीकडे प्रेक्षकाचे काम नसते. मतदाराचे असते.

म्हणून वृत्तपत्रीय मराठीचा अभ्यास करताना अशा संज्ञांची केवळ यादी करणे पुरेसे नाही. प्रत्येक ठिकाणी त्या शब्दाऐवजी साधा शब्द ठेवून पाहावा आणि वाक्यातील दोष वा श्रेय कोणाकडून कोणाकडे सरकते, हे तपासावे. गुगली ओळखण्याचा मार्ग जाणते फलंदाज सांगतात तोच येथेही उपयोगी आहे : टप्प्याकडे नव्हे, टाकणाऱ्याच्या मनगटाकडे पाहावे.