दाखल गुन्हे आणि घडलेली हिंसा: दोन आकड्यांमधले अंतर

२०२३ मध्ये देशभरात महिलांविरोधातील ४,४८,२११ गुन्हे दाखल झाले. २०२२ मध्ये ही संख्या ४,४५,२५६ होती, वाढ ०.७ टक्के. २०२२ मधली वाढ ४ टक्के होती. दर लाख महिलांमागे गुन्ह्यांचे प्रमाण ६६.४ वरून ६६.२ वर आले. संख्या वाढूनही दर घटला, कारण महिलांची लोकसंख्या गुन्ह्यांपेक्षा जास्त वेगाने वाढली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) वार्षिक अहवालातले हे आकडे पोलिसांच्या दप्तरी काय पोहोचले ते सांगतात. काय घडले याचे माप एका वेगळ्या पाहणीत आहे आणि ते या मापाशी जुळत नाही.

आधी ४.४८ लाखांची फोड. पती किंवा सासरच्यांकडून छळाचे १,३३,६७६ गुन्हे आहेत, म्हणजे २९.८ टक्के. अपहरणाचे ८८,६०५ (१९.८ टक्के), विनयभंगाच्या हेतूने हल्ल्याचे ८३,८९१ (१८.७ टक्के) आणि बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या ‘पोक्सो’ कायद्याखालील ६६,२३२ (१४.८ टक्के). हे चार गट मिळून ८३ टक्के होतात. बलात्काराचे गुन्हे २९,६७०, म्हणजे ६.६ टक्के. बातम्यांत सर्वाधिक दिसणारा गुन्हा एकूण नोंदींच्या पंधराव्या भागाइतका आहे. सर्वांत मोठा गट घरातला आहे.

याच गटात वर्षभरात लक्षणीय बदल झाला. सासरच्या छळाचे गुन्हे १,४०,०१९ वरून १,३३,६७६ वर आले, घट ४.५ टक्के. हा गट वगळला तर उरलेल्या गुन्ह्यांत ३ टक्के वाढ दिसते. ०.७ टक्क्यांचा स्थिर वाटणारा आकडा या दोन विरुद्ध हालचालींची बेरीज आहे.

राज्यवार क्रम संख्येने लावला तर उत्तर प्रदेश (६६,३८१) पहिला आणि महाराष्ट्र (४७,१०१) दुसरा. महाराष्ट्रातली वाढ ३.९ टक्के, देशाच्या वाढीच्या पाचपटीहून अधिक. पण लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर राज्यांत तेलंगणा पहिला येतो (दर लाखामागे १२४.९) आणि उत्तर प्रदेश राष्ट्रीय सरासरीच्याही खाली जातो. ‘सर्वाधिक गुन्हे’ हा मथळा वाचताना संख्या की दर, हे आधी पाहावे लागते.

आता दुसरे माप. पाचवी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी (२०१९-२१) घरोघरी जाऊन झाली. हिंसेविषयीचे प्रश्न एका घरातल्या एकाच स्त्रीला, इतर कोणी ऐकत नसताना विचारायचे, असा तिचा नियम आहे. १८ ते ४९ वयोगटातील विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्क्यांनी पतीकडून कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. चौथ्या पाहणीत हे प्रमाण ३१.२ टक्के होते. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली १४ टक्क्यांनी. ७७ टक्क्यांनी मदतही मागितली नाही आणि कोणाला सांगितलेही नाही.

दोन्ही मापे शेजारी ठेवण्यासाठी एक ढोबळ गणित करता येते. सासरच्या छळाचे गुन्हे दर लाख महिलांमागे वर्षाला सुमारे २० पडतात. हा दर वर्षाचा आहे, पाहणीतला आकडा संपूर्ण वैवाहिक आयुष्याचा. म्हणून वीस वर्षांचा संसार धरू: दर लाखामागे ४०० गुन्हे. एनसीआरबीच्या भाजकात मुली आणि वृद्धाही येतात. ते दुरुस्त करण्यासाठी आकडा तिप्पट करू: १,२००. पाहणीचा आकडा दर लाखामागे २९,३०० आहे. भाजक नोंदींच्या बाजूने झुकवूनही साधारण चोवीस स्त्रियांमागे एक गुन्हा येतो. शिवाय छळाच्या कलमात मानसिक त्रास आणि सासरचे इतर नातेवाईकही येतात, पाहणीच्या २९.३ टक्क्यांत ते येत नाहीत. खरे अंतर याहून मोठे असण्याची शक्यता जास्त.

हे अंतर सर्व राज्यांत सारखे असते, तर नोंदींवरून निदान राज्यांची तुलना करता आली असती. तसे नाही. पाहणीत केरळमध्ये पतीकडून हिंसा सोसलेल्यांचे प्रमाण ९.९ टक्के, तमिळनाडूत ३८.१ टक्के, जवळपास चौपट. २०२२ च्या पोलीस नोंदींत महिलांविरोधातील गुन्ह्यांचा दर केरळमध्ये ८२, तमिळनाडूत २४. क्रम पूर्ण उलटा आहे. पोलीस नोंदीत इतरही गुन्हे असल्याने ही तुलना नेमकी नाही, पण क्रम उलटण्यासाठी तेवढे कारण पुरत नाही. नोंदीचा दर तक्रार करण्याची आणि ती नोंदवून घेण्याची सवयही मोजतो.

पाहणीचे मापही निर्दोष नाही. कर्नाटकात चौथ्या पाहणीत २०.६ टक्के असलेले प्रमाण पाचवीत ४४.४ टक्के झाले. साधारण पाच वर्षांत हिंसा दुप्पट झाली, की प्रश्न विचारण्याची रीत आणि सांगण्याची तयारी बदलली, हे या दोन आकड्यांवरून ठरत नाही. महाराष्ट्रात हेच प्रमाण २१.३ वरून २५.२ टक्क्यांवर गेले; देशात घट होत असताना इथे वाढ.

काळाच्या ओघात पाहिले तर दोन वर्षे वेगळी दिसतात. पहिले २०१३. बलात्काराचे गुन्हे २४,९२३ वरून ३३,७०७ झाले, एका वर्षात ३५ टक्के वाढ. महिलांविरोधातील एकूण गुन्हे २.४४ लाखांवरून ३.१० लाखांवर गेले. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर देशभर आंदोलन झाले, न्या. वर्मा समितीने महिन्याभरात अहवाल दिला आणि २०१३ च्या कायद्याने बलात्काराची व्याख्या विस्तारली, पाठलाग करणे हा गुन्हा ठरवला, तक्रार नोंदवून न घेणाऱ्या पोलिसाला शिक्षेची तरतूद केली. त्या ३५ टक्क्यांत व्याख्येचा आणि तक्रारींचा वाटा मोठा असावा.

दुसरे वर्ष २०२०. टाळेबंदीच्या त्या वर्षात पोलिसांकडील नोंद ४,०५,३२६ वरून ३,७१,५०३ वर आली, घट ८.३ टक्के. त्याच वर्षी राष्ट्रीय महिला आयोगाकडील तक्रारी १९,७३० वरून २३,७२२ झाल्या, वाढ २० टक्के. पोलीस ठाणे गाठणे अवघड झाले होते. आयोगाकडे घरबसल्या तक्रार करता येत होती. पुढच्या वर्षी निर्बंध सैल होताच पोलीस नोंद १५.३ टक्क्यांनी वाढली.

काही हिंसा नोंदीच्या चौकटीतच बसत नाही. २०२२ मध्ये कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली देशभरात ४६८ गुन्हे दिसतात. हा कायदा मुख्यतः दिवाणी आहे. अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे जातो आणि पोलिसांत गुन्हा होतो तो संरक्षण आदेश मोडल्यावर. पाहणीत ६ टक्के स्त्रियांनी पतीकडून लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. पत्नी सज्ञान असेल तर कायदा त्याला बलात्कार मानत नाही, म्हणून बलात्काराच्या रकान्यात ती हिंसा येत नाही. आणि एका प्रकरणात अनेक गुन्हे असतील तर एनसीआरबी त्यातला सर्वांत गंभीर एकच मोजतो. बलात्कार करून खून झाला, तर तो बलात्काराच्या २९,६७० मध्ये धरला जात नाही.

नोंदीची ही चौकटही बदलत आली आहे. २०२३ मध्ये ३० टक्के जागा व्यापणारा सासरच्या छळाचा रकाना १९८३ पूर्वी अस्तित्वात नव्हता. छळाचे ४९८अ हे कलम त्या वर्षी आले. त्यामागे हुंडाबळींविरुद्धची आंदोलने होती. त्याच वर्षी बलात्काराचा कायदाही बदलला. त्यामागे तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका आदिवासी मुलीच्या बलात्काराच्या खटल्यावर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलेले खुले पत्र होते. १९८४ मध्ये ‘टाटा समाजविज्ञान संस्थे’ने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्याच्या व्यवस्थेत प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसवण्याची ती सुरुवात होती.

त्यामुळे नोंदींची वाढ एकट्याने वाचण्यात अर्थ नाही. नोंदी वाढल्या आणि पाहणीतले प्रमाण घटले, तर व्यवस्थेवरचा विश्वास वाढल्याचे ते चिन्ह असू शकते. नोंदी घटल्या आणि पाहणीतले प्रमाण तसेच राहिले, तर दारे बंद होत असल्याची शंका घ्यावी. छळाच्या गुन्ह्यांतली ४.५ टक्क्यांची घट यांपैकी कशात मोडते, याचे उत्तर एनसीआरबीच्या अहवालात सापडणार नाही. ते २०२३ नंतरच्या घरोघरच्या पाहणीत शोधावे लागेल, आणि तोवर या घटीला यश म्हणण्याला आधार नाही.