टवका उडालेला बिल्ला

जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या नाकावरचा बिल्ला म्हणजे रंग दिलेला पत्रा, असं दुसऱ्या एखाद्या गावात कुणी म्हटलं तर सोडून देता येईल. ग्वाल्हेरात नाही. इथल्या दर्पण कॉलनीतून किल्ला काही फार लांब नाही. तिथे मान मंदिर महालाच्या भिंतींवर राजा मानसिंह तोमरच्या काळापासून, म्हणजे पाचशे वर्षं, हत्ती, मगरी, केळीची झाडं आणि पिवळ्या बदकांची रांग ऊनपावसात चमकते आहे. तो रंग नव्हे, भट्टीत भाजून बसवलेली काच आहे. किल्ल्यावर काच मातीच्या फरशीवर बसली आहे, बिल्ल्यावर ती तांब्यावर बसते. बाकी कुळी एकच.

बिल्ल्याचा पत्रा शुद्ध तांब्याचा किंवा 95 टक्के तांबं आणि 5 टक्के जस्त अशा मिश्रणाचा. जस्त वाढलं की काच नीट धरत नाही, फुगे येतात. म्हणून साधं पितळ इथे कामाचं नाही. पोलादी डाय ठोकून पत्र्यावर अक्षरं आणि रेघा उठवायच्या, त्यामुळे मधे खळगे तयार होतात. वाळू, टाकणखार आणि धातूंची भस्मं वितळवून केलेली रंगीत काच खलात घोटायची, पाण्यात धुऊन तो ओला चुरा बारीक पात्याने खळग्यात भरायचा, सुकवायचा आणि 750 ते 850 अंशांच्या भट्टीत काही मिनिटं सरकवायचा. निळ्यासाठी कोबाल्ट, पांढऱ्यासाठी कथील, माणकासारख्या लालासाठी चक्क सोनं. काच वितळली की खाली बसते, म्हणून पुन्हा भरायची, पुन्हा भाजायची. मग दगडाने घासून काच आणि धातूची रेघ एका पातळीत आणायची आणि शेवटी निकेल, क्रोम किंवा सोन्याचा मुलामा. रंगांचा क्रमही ठरलेला: जास्त आच सोसणारा आधी, नाजूक मागाहून. जयपूरचे मिनाकार लाल शेवटी घेतात ते याचसाठी.

या कामाचं माहेर बर्मिंगहॅमचा ज्वेलरी क्वार्टर. तिथली व्हॉटन्स ही 1819 पासूनची पेढी. 1895 साली बर्मिंगहॅममधल्या एका दुकानाच्या काचेआडून फुटबॉलचा एफए कप चोरीला गेला तेव्हा नवा कप याच पेढीने घडवला. पेढीच्या घरचा हॉवर्ड व्हॉटन हा गडी 1887 साली ॲस्टन व्हिलाकडून खेळून तो चोरीला गेलेला कप जिंकून बसला होता! ॲस्टन मार्टिनच्या बॉनेटवरचे पंखही व्हॉटन्सच्या भट्टीतून आले.

एमजीची गोष्ट साधी, म्हणूनच मला अधिक आवडते. ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसचा व्यवस्थापक सेसिल किंबर साध्या मॉरिस गाड्यांवर देखण्या बॉडी चढवून विकायचा. तिथल्या हिशेबनीसाने, एडमंड लीने, दोन अक्षरांभोवती अष्टकोन काढला आणि 1924 साली त्याची नोंदणी झाली. पुढे ॲबिंग्डनच्या कारखान्यात त्या अष्टकोनाचं वेडच लागलं. 1945 ते 1949 या काळात निघालेल्या सुमारे दहा हजार एमजी टीसींच्या रेडिएटरवर तपकिरी आणि साईच्या रंगाचा तो बिल्ला बसला. आज ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात रोड टॅक्सच्या सवलतीसाठी गाडी बघायला जाणाऱ्यांना एमजी दिसते ती गुजरातेत हालोलला बनलेली. अष्टकोन तोच, पण क्रोम चढवलेल्या प्लास्टिकचा. साठच्या दशकापासून इंग्लंडातही काचेची जागा प्लास्टिकने घ्यायला सुरुवात केली होती, तेव्हा दोष हालोलच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे टीसी किंवा जॅग्वार एक्सके 120 मोजक्याच घरांत. पण ट्रायम्फचीच लेक असलेली, 1961 पासून मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेरल्ड पुष्कळांनी चालवली, आणि मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनचा बिल्ला बंपरवर मिरवणारेही होते. टवके सगळ्यांचेच उडतात. आजीच्या इनॅमलच्या थाळीचा काठ उडायचा, त्यातलाच प्रकार: धातू वाकतो, काच वाकत नाही.

मग दुरुस्ती. खरी दुरुस्ती म्हणजे पुन्हा भट्टी, असं जाणकार ठासून सांगतात. त्यात काय काय जातं तेही बघावं. बिल्ल्यामागचे स्क्रू डाखाने जोडलेले असतात. साधा डाख दोनशे अंशांच्या आतच वितळतो, म्हणून ते आधी काढावे लागतात. मुलामा उतरवावा लागतो. शेजारची जुनी काच पुन्हा तापवली की तडकू शकते, लाल रंग काळवंडतो, म्हणून बहुधा सगळीच काच काढून टाकतात. उरतो तो जुना ठसा, त्यात आजच्या काचेचा रंग. ज्याला आपण जपलं म्हणतो, त्यातलं जपलेलं फारसं उरतच नाही.

थंड इनॅमलला, म्हणजे रंग मिसळलेल्या इपॉक्सीला, हीच मंडळी नाकं मुरडतात. मी त्यांच्या बाजूचा नाही. इपॉक्सी मऊ असते, उन्हात पिवळी पडते. ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा उन्हातल्या बॉनेटवर तिचं काय होत असेल ते सांगायला नको. पण ती खरवडून काढता येते. टवक्यापुरतीच बसते, शेजारच्या अस्सल काचेला हात लावत नाही. पाच-दहा वर्षांनी पुन्हा भरावी लागली तरी बिल्ला तोच राहतो. नखाएवढ्या टवक्याला मी तर तेही करणार नाही. तांबं हिरवं पडू नये इतपत वार्निशचा थेंब पुरे. भट्टी राखून ठेवावी अर्धी काच गेलेल्या, पण ठसा शाबूत असलेल्या बिल्ल्यासाठी.

बाजारातल्या नव्या नकला स्वस्त मिळतात आणि लांबून फसवतातही. जवळून पाहावं. अस्सल बिल्ल्यावर धातूची रेघ आणि काच एका पातळीत, कारण ती घासलेली असते. नकलेत रंग खळग्यात किंचित खचलेला, नाहीतर थेंबासारखा फुगलेला. ठोकलेल्या अक्षरांच्या कडा धारदार, ओतलेल्यांच्या बोथट. नक्कल लावायला हरकत नाही, फक्त मूळचा बिल्ला ती बसवणाऱ्याच्या खोक्यात जाऊ देऊ नये.

आणि बसवताना मागची नट पान्याने आवळायची नाही. ग्रिलची जाळी किंवा बॉनेटचा पत्रा गोलाईचा असतो, बिल्ला ताणला जातो आणि कोपऱ्यातून काच सुटते. मधे रबराची किंवा चामड्याची चकती घालावी आणि बोटांनी बसेल तेवढीच नट फिरवावी.